कुणाकडं आलात?

प्रश्न : ताई, मी मुलुंडला राहते, वय ३८, एका खासगी कंपनीत अकाउंट्स सांभाळते. जुन्या बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, बघायचा मला नाद आहे. फोटो काढते, पायऱ्या मोजते, वहीत नकाशा काढते. जुलैमध्ये शुक्रवारी रात्री देवगिरी एक्स्प्रेसने जालन्याला गेले, तिथून एसटीने आणि पुढे काळीपिवळी जीपने एका लहान गावात. (नाव खाली दिलं आहे.) गाडीत एकाने विचारलं, ‘कुणाकडं आलात?’ मी म्हटलं, ‘कुणाकडे नाही, बारव बघायला.’ त्यानंतर गाडीत कुणी बोललंच नाही. बारवेपाशी टेप काढली तर पाच-सात माणसं जमली. ‘कोणत्या ऑफिसातून?’ ‘आडनाव काय?’ आडनाव सांगितल्यावर, ‘ते झालं, पण म्हणजे तुम्ही कोण?’ दोन पोरांनी, नववी-दहावीतली असतील, माझे फोटो काढले, मग मीही त्यांचे काढले. खाणावळीत ‘थाळी संपली’ म्हणाले आणि माझ्यानंतर आलेल्या दोघांना वाढली. लॉजवाला म्हणाला, एकट्या बाईला रूम देत नाही. मग एक मोटारसायकलवाला मागे लागला, ‘मॅडम, सोडू का?’ दोनदा नको म्हटलं तरी स्टँडपर्यंत आला आणि समोर गाडी लावून बसून राहिला. त्याचा नंबर मी लिहून घेतला आहे. शेवटी फुलं विकणाऱ्या एका म्हातारीने हाताला धरलं आणि म्हणाली, ‘बाई, अंधार पडायच्या आत निघ. सव्वासाची शेवटची हाय. डायवरच्या मागं बस.’ मी निघाले. रात्रीच्या गाडीपर्यंत जालना स्टेशनवर बसून राहिले.

भाऊ म्हणतो, ‘काही झालं तर नाही ना? मग कशाला एवढं?’ मी गावाच्या नावासकट, त्या पोरांच्या फोटोंसकट एक मोठी पोस्ट लिहून ठेवली आहे, ती सोबत जोडली आहे. टाकू का? मी उगाच घाबरले का? ती म्हातारी मला धमकावत होती का? आणि पुन्हा एकटीने जाऊ की नको?

उत्तर : निघालात ते उत्तम केलंत. ‘काही झालं नाही’ हे घरी पोचल्यावर, चहा पिताना म्हणता येतं. संध्याकाळी सहाला अनोळखी स्टँडवर, समोर एक माणूस गाडी लावून बसलेला असताना ते कुणालाच ठाऊक नसतं. तुमच्या भावाला ते ठाऊक असायचं कारणही नाही, कारण त्याच गावात तो गेला असता तर त्याला कुणी ‘सोडू का’ म्हणून विचारलं नसतं. त्याच्याशी वाद घालत बसू नका. ‘उगाच’ हा शब्द तेवढा पत्रातून खोडून टाका.

म्हातारीचं लगेच सांगून टाकते, कारण तुम्ही तिला उरलेल्या सगळ्यांच्या रांगेत बसवलं आहे. धमकावणारं माणूस शेवटच्या गाडीची वेळ सांगत नाही. कुठे बसायचं तेही सांगत नाही. ड्रायव्हरच्या मागची जागा म्हणजे पुढची, उजेडातली, कंडक्टरच्या नजरेतली. त्या बाईने मोटारसायकलवाल्याला बघितलं असणार. कदाचित तो कोण, कुणाचा, हेही तिला माहीत असेल आणि त्याच्याविरुद्ध बोलण्याची तिची टाप नसेल. त्या गावात राहून तिला जेवढं करता आलं तेवढं तिने केलं.

तुम्ही पत्रात सगळा दिवस एकाच दोऱ्यात ओवला आहे, जणू काळीपिवळीपासून स्टँडपर्यंत आख्खं गाव मिळून तुमच्या मागे लागलं होतं. भीती वाटते तेव्हा असंच दिसतं. आता घरी बसून तो दोरा सोडवायला हवा, कारण यातला एक प्रसंग पोलिसांकडे न्यायचा आहे, एक निव्वळ भेकडपणाचा आहे, एकावर माझ्याकडे काही सफाई नाही आणि उरलेल्याची कारणं तुम्हाला माहीतच नव्हती.

मोटारसायकलवाला पोलिसांचा. बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही तिच्या मागे लागणं, पुन्हापुन्हा बोलायला बघणं याला भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. एका संध्याकाळचा प्रसंग त्यात बसतो का, यावर ठाण्यातले साहेब काथ्याकूट करतील, करू देत. तुमचं काम नोंद करायचं. त्यासाठी जालन्याला जायला नको. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नाही’ म्हणून मुलुंडमधून तुम्हाला परत पाठवता येणार नाही. झीरो एफआयआर म्हणतात तो हाच. गाडीचा नंबर, तारीख, साधारण वेळ, तो काय बोलला, तुम्ही काय बोललात हे आजच कागदावर उतरवा. आठवणीतले तपशील फार लवकर झिजतात आणि मग समोरचा म्हणतो, बाईंना नीट आठवत नाही.

पुन्हा कुठे असं झालंच तर फलाटावर उभ्या राहू नका, सरळ वाहतूक नियंत्रकाच्या केबिनमध्ये जाऊन बसा आणि तिथूनच ११२ लावा. किंवा बायकांच्या घोळक्यात शिरा. मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तालुक्याच्या स्टँडवर बायका एवढ्या दिसतात, की हा एक सरकारी निर्णय कितीजणींना न सांगता सोबत देऊन गेला असेल असं मला कायम वाटतं.

लॉजवाला भेकड. एकट्या सज्ञान बाईने ओळखपत्र दाखवून खोली घेऊ नये असा कुठलाही कायदा नाही. पण त्याला कायद्याची नव्हे, भानगडीची भीती असते. ‘उद्या काही झालं तर पोलीस मला विचारतील.’ आणि ते विचारतातही. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-आक्साच्या हॉटेलांवर आपल्या मुंबई पोलिसांनी छापे टाकून चाळीसेक जोडप्यांना उचललं होतं, सज्ञान माणसांना, बंद खोल्यांतून. मुंबईत ही तऱ्हा, तर लहान गावात दहा खोल्यांचा लॉज चालवणारा कशाला जोखीम घेईल? त्याचं चुकलंच. पण त्याच्याशी संध्याकाळी पाच वाजता भांडून खोली मिळत नाही. आधी फोन करून ‘मी एकटी आहे’ असं आपण होऊन सांगायचं आणि ‘हो’ म्हणेल तिथेच जायचं. बरीचशी भक्तनिवासंही एकट्या माणसाला नाही म्हणतात, म्हणून तोही भरवसा धरू नका.

आता तुमची टेप. तुमच्या लेखी ती पायऱ्या मोजायची साधी टेप. बघणाऱ्यांना काय दिसलं असेल?

तुम्ही ज्या मुलखात गेलात तिथे गेली काही वर्षं टेप आणि फायली घेऊन येणारी माणसं म्हणजे जमीन जाण्याची सुरुवात. समृद्धी महामार्ग जालन्यावरून गेला. तिथून नांदेडकडे जाणाऱ्या जोडरस्त्यासाठी भूसंपादन निघालं आणि मोबदल्यावरून आंदोलनं झाली. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत आखलेला शक्तिपीठ महामार्ग शेजारच्या परभणीतून जातो आणि तिथे मोजणीला आलेल्यांना शेतकऱ्यांनी शिवारातून परत पाठवलं. त्यामुळे ‘कोणत्या ऑफिसातून?’ हा प्रश्न तुम्हाला उद्धट वाटला तरी विचारणाऱ्याच्या पोटात त्याची सात-बाऱ्याची भीती होती. त्याला तुमच्या बारवेत रस नव्हता. तिच्या पलीकडच्या त्याच्या दोन एकरांत होता.

शिवाय जागाही साधी नव्हे. ओसाड बारव, पडका वाडा, गावाबाहेरचं देऊळ इथे परक्या माणसाने वाकून, मोजून, काहीतरी वहीत टिपून घेतलं की गावाला पहिलं आठवतं ते गुप्तधन. हसू नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधन शोधण्यापायी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही. दुसरं आठवतं ते मूर्तिचोर. जालना जिल्ह्यातच जांब समर्थला, म्हणजे रामदासांच्या जन्मगावी, ऑगस्ट २०२२ मध्ये राममंदिरातल्या मूर्ती रातोरात गेल्या. पोलिसांनी नंतर त्या शोधून आणल्या, पण ‘आधी कुणीतरी येऊन बघून गेलं असणार’ ही खूणगाठ पंचक्रोशीतल्या प्रत्येक देवळाने बांधली. आणि २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्री ड्रोन दिसायला लागले, चोर वरून टेहळणी करतात अशी बोलवा उठली आणि गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली. एवढं सगळं डोक्यात असलेल्या माणसांसमोर तुम्ही गेलात आणि म्हणालात, ‘कुणाकडे नाही.’

मुंबईत आपण रोज हजारदा कुणाकडेही जात नसतो. तिकडे आलेलं माणूस कुणाचा तरी पाहुणा असतो, नाहीतर ऑफिसचं, नाहीतर विक्रेता. पूर्वी कुणाकडेही न येणाऱ्यांची सुद्धा जागा ठरलेली होती. पहाटेचा वासुदेव, नंदीवाला, डवर वाजवत येणारा डवरी गोसावी. त्यांना कुणी ‘कुणाकडं’ म्हणून विचारत नसे, कारण पेहरावावरून आणि आवाजावरून ते ओळखू येत.

आणि इथेच मला तुम्हाला राईनपाड्याची आठवण करून द्यायची आहे. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या या गावचा बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच डवरी गोसावी एसटीतून उतरले, भिक्षा मागायला. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज तेव्हा फोनाफोनांतून फिरत होते. त्यांच्यातल्या एकाने लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला एवढंच निमित्त झालं. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तरी दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघर जिल्ह्यात गडचिंचलेला तेच झालं. कांदिवलीहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर चोर समजून मारले गेले.

तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही, आणि गावाची वकिली करायला तर नाहीच. ज्यांच्या पिढ्या गावोगाव फिरल्या, ज्यांना गाव चांगलं ओळखत होतं, त्याच माणसांना एका मेसेजने अनोळखी केलं. तुमच्या हातातला कॅमेरा, तुमचे बूट, तुमचं बोलणं यांनी तुम्हाला बरंच वाचवलं. जमावाने आधी प्रश्न तरी विचारले. म्हणून पुढच्या वेळी पाच-सात माणसं जमली की टेप पिशवीत टाका, कॅमेरा खाली घ्या आणि आधी बोला. त्यांनी फोटो काढला म्हणून आपणही काढायचा, ही ती वेळ नव्हे. आणि आसपास लहान पोर असेल तर त्याच्याशी लाडाने बोलायला, चॉकलेट द्यायला अजिबात जाऊ नका. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण लिहिते.

थाळीवर माझ्याकडे सफाई नाही. डाळ संपली असेल, त्या दोघांचा महिना लावलेला असेल, असं मी म्हणू शकते. पण तुम्हाला जे दिसलं ते दिसलं. आडनावाचंही तसंच. ‘ते झालं, पण म्हणजे तुम्ही कोण?’ यात काय विचारलं गेलं हे तुम्हालाही कळलं आणि मलाही. त्याला मी जिव्हाळा म्हणणार नाही, चौकसपणाही म्हणणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यांचे गोडवे गाणाऱ्यांना तोंडावर सुनावलं होतं, की खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची, जातीयतेची गुहा. शहरातून दोन दिवसांसाठी जाणाऱ्यांना ‘माणसं किती साधी’ म्हणायची फार घाई असते, त्यांनी हे भाषण जरूर वाचावं. तुम्ही त्या प्रश्नाला उत्तर द्यायला बांधील नाही. ‘मुलुंडची आहे, बारवा बघत फिरते’ एवढं पुरे. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेवढंच सांगा.

मात्र हे फक्त तिकडेच होतं अशी तुमच्या पोस्टची चाल आहे, ती मला पटत नाही. गिरगावात चाळीच्या जिन्यावर अनोळखी पाऊल वाजलं की तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून ‘कोण पाहिजे?’ यायचं. आता तुमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन फोटो काढतो, नंबर घेतो, वर फोन करतो, आणि जेवण घेऊन आलेल्या मुलाला ‘सर्व्हिस लिफ्ट’कडे बोट दाखवतो. त्याचं कुणाला काही वाटत नाही. आडनावाचं म्हणाल तर सप्टेंबर २०२३ मध्ये तुमच्या मुलुंडमध्येच एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा बघायला गेल्यावर ‘महाराष्ट्रीयन चालत नाही’ असं सांगितलं गेलं. तिने व्हिडिओ टाकला, बोंबाबोंब झाली, गुन्हा दाखल झाला.

ते प्रकरण तुमच्या पोस्टच्या बाजूने जातं हे मला कळतं. नाव घेतल्याशिवाय काही हलत नाही, हे खरंच आहे. पण तिथे नकार देणारी माणसं समोर होती, शब्द स्पष्ट होते आणि दोष त्यांचाच होता. तुमच्या पोस्टमध्ये चेहरे कुणाचे आहेत? फोटो काढणाऱ्या दोन पोरांचे. तुम्हीच लिहिता, ‘नववी-दहावीतली असतील.’ मागे लागलेल्या माणसाचा चेहरा तुमच्याकडे नाहीच. म्हणजे ज्याने त्रास दिला तो सुटणार आणि दोन शाळकरी पोरं ‘बायकांना छळणारी’ म्हणून राज्यभर फिरणार, त्यांच्याच गावातल्या फोनांवर सुद्धा. वर सांगितलेल्या दोन्ही घटना अशाच फिरत्या मजकुरातून घडल्या आहेत. तेव्हा पोरांचे फोटो काढून टाका, फोनमधूनही. गावाचं नाव काढा. मी इथे ते छापलेलं नाही ते याचसाठी. एका गावाला शिक्का बसला की तो फुलवालीलाही बसतो. लॉजचं, थाळीचं, आडनावाचं जसं घडलं तसं लिहा, खुशाल लिहा, ते वाचायला हवं लोकांनी. गाडीचा नंबर मात्र पोस्टमध्ये नको, तो तक्रारीत.

पुन्हा जायचं का? जा. भावाला सोबतीला न्यायची अट घालून घेऊ नका. फक्त ‘कुणाकडे तरी’ म्हणून जा. आठवडाभर आधी ग्रामपंचायतीत नाहीतर शाळेत फोन करा, ग्रामसेवकाशी किंवा एखाद्या शिक्षकाशी बोला, बारवेचे फोटो काढायचे आहेत म्हणून सांगा. बहुतेक गावांत जुन्या वास्तूंत रस असलेला एक तरी गुरुजी निघतोच, आणि तो भेटला की तुम्हाला आवरावं लागेल इतकं बोलेल. पोलीस पाटलांना पोचल्या-पोचल्या भेटा. परका माणूस गावात आला की त्याच्यावर लक्ष ठेवणं हे त्यांचं कामच आहे, तेव्हा त्यांनी शोधत येण्यापेक्षा आपण गेलेलं बरं. बारव संरक्षित स्मारक असेल तर मोजमापासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती असली तर कागद वर दिसेल असा ठेवा. काळीपिवळीत विचारलं की नाव सांगायचं, ‘अमक्या गुरुजींकडे.’ फोनवर आधी बघितलेल्या बारवांचे फोटो असू देत. परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याची बारव दाखवलीत तर ‘आमची हिच्याहून मोठी आहे’ असं सांगणारे चार जण निघतील आणि टेपचं दुसरं टोक तेच धरतील.

मुक्काम जालन्यात करा, सकाळच्या पहिल्या एसटीने निघा, दुपारी तीनच्या आत परतीच्या गाडीत बसा. आणि जुलैत जाऊ नका. पावसाळ्यात बारव भरलेली असते, निम्म्या पायऱ्या पाण्याखाली, मोजणार काय? मार्च-एप्रिलमध्ये पाणी तळाला जातं, तेव्हा देवकोष्ठांपर्यंत, म्हणजे भिंतीतल्या देवांच्या कोनाड्यांपर्यंत, सगळं उघडं पडतं. ऊन मात्र तिकडचं आपल्यासारखं घामट नसतं, सुकं असतं, कळत नाही आणि लागतं. डोक्याला बांधायला उपरणं आणि दोन लिटर पाणी घ्या.